जितगाडे

लातूरच्या एका स्कॅन सेंटरवर मी एमआरआयचं मशीन चालवते. माझ्या बिल्ल्यावर 'जया जितगाडे' असं लिहिलेलं आहे. लग्न होऊन बरीच वर्षं झाली आणि सासरचं आडनाव वेगळं आहे, पण डिप्लोमा माहेरच्या नावानं घेतला म्हणून नोकरीही त्याच नावानं लागली. पेशंट बिल्ला वाचतात आणि विचारतात, "मॅडम, हे कुठलं हो आडनाव?" मग मी लहानपणापासून पाठ असलेलं उत्तर द्यायची. आमचे पणजोबा ग्यानोबा यांनी माळेगावच्या जत्रेत बैलगाड्यांची शर्यत मारली, सगळे गाडे जिंकले, म्हणून जितगाडे.

आमचं गाव बोरदरा, कंधारच्या पलीकडं. गावात भावकीनं कमान बांधली आहे, तिच्यावर सिमेंटची बैलजोडी आहे. लग्नपत्रिकेवर गणपतीखाली छोटा गाडा छापायची आमच्यात रीत आहे. माझ्या पत्रिकेवरही छापला होता.

ही शर्यत कधी झालीच नव्हती, हे मला मागच्या वर्षी कळलं. त्याला निमित्त झालं बाबांच्या कंबरेचं.

बाबा, म्हणजे माझे वडील वैजनाथ, बोरदऱ्याला शेती करतात. पेरणीच्या दिवसांत त्यांची कंबर धरली आणि कळ पायापर्यंत उतरायला लागली. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. चुलतभाऊ लखन त्यांना गाडीत घालून लातूरला घेऊन आला. मी स्वतः त्यांना मशीनच्या फळीवर झोपवलं, कानात कापूस घातला आणि हातात रबरी फुगा दिला. "लई आवाज होतो, घाबरू नका. काही वाटलं तर हे दाबा," असं दोनदा सांगितलं. फळी आत सरकली. छातीपर्यंत गेले असतील, तेवढ्यात बाबा ओरडले. फुगा दाबायचं त्यांना सुचलंच नाही. मी धावत आत गेले तेव्हा ते कोपरं घासत, गुडघे आपटत उलटे बाहेर यायची धडपड करत होते. ओरडत होते, "गाडू नका रे! जित्ता हाय मी! जित्ता हाय!"

मशीनमध्ये घाबरणारी माणसं मी रोज बघते. कुणी रडतं, कुणी देवाचं नाव घेतं. असं कुणी म्हणालेलं ऐकलं नव्हतं.

बाहेर बाकावर बसवून त्यांना चहा दिला. जरा वेळानं मी विचारलं, "बाबा, असं का म्हणालात?"

"काय म्हनालो?"

"गाडू नका. जित्ता हाय मी."

बाबांनी कप बाकावर ठेवला. "ते माझं न्हाई गं," ते म्हणाले. "आमचा आजा झोपंत वरडायचा तसं. ग्यानबा आजा. मला कामून आठवलं काय ठाव."

दुसऱ्या दिवशी झोपेचं इंजेक्शन देऊन स्कॅन केला. मणक्यातली एक शीर दबली होती. पट्टा बांधायला सांगितला, व्यायाम सांगितले, ऑपरेशन टळलं. पण बाबांचं ते ओरडणं माझ्या कानातून जाईना. आमच्या घरात कुणाला कोंडलेलं चालत नाही, ही नवी गोष्ट नव्हती. बाबा न्हाणीघराचं दार कधी पूर्ण लावत नाहीत. आत्या एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही तर ती गाडी सोडून देते. मी स्वतः लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. जिना चढणं तब्येतीला चांगलं असतं, असं लोकांना सांगते.

बाबा लातूरला माझ्याकडं आठवडाभर राहिले, तेव्हा मी त्यांना ग्यानोबांबद्दल खोदून खोदून विचारलं. त्यांना आठवत होतं ते थोडंच होतं. ते शाळकरी असताना आजा वारला. त्यांनी आजाला कधी घरात पाहिलेलं नव्हतं. अंगणात चार मेढी रोवून वर पाचट टाकलेलं एक छप्पर होतं, त्याला भिंत नव्हती. त्याच्याखाली ग्यानोबांची बाज असायची. पावसात म्हातारा घोंगडं पांघरून बसायचा, थंडीत शेकोटी करून. जेवणही तिथंच. आजी, सरस्वतीबाई, ताट घेऊन अंगणात जायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत समोर उकिडवी बसायची.

"शर्यत जिंकलेला माणूस असा का राहील बाबा? तुम्ही कुणाला विचारलं नाही?"

"इचारलं की. आईनं माझ्या तोंडावर हात ठिवला."

त्याच सुमाराला नागोरावकाकांचा फोन आला. हे बाबांचे चुलतभाऊ. ग्यानोबांचे थोरले भाऊ सटवाजी, त्यांचे ते नातू. बोरदऱ्याला आमचं आणि त्यांचं अंगण एकच आहे. एका बाजूला त्यांचं घर, समोर आमचं. लखन त्यांचा मुलगा. दिवाळीनंतर जितगाडे परिवाराचा मेळावा घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. स्मरणिका छापायची होती.

"जया, आडनावाचा इतिहास तू लिही. शिकलेली हायस. दोन पानं बास झाली. शर्यतीचं जरा रंगवून लिही."

मी हो म्हणाले. मग सहज विचारलं, "काका, बैलांची नावं काय होती?"

"आगं, ढवळ्या-पवळ्या लिही की. कोन तपासायला यायलंय?"

मला ते खटकलं. आमच्याकडं मेलेल्या गाईम्हशींचीसुद्धा नावं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कुठल्या बैलानं कुणाला मारलं, हेही सांगतात. आणि ज्या बैलांवरून आम्हाला आडनाव मिळालं, त्यांची नावं कुणालाच येत नव्हती. मी आत्यांना विचारलं, भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. शर्यत सगळ्यांना माहीत, पण ती कुणाच्या बापानं पाहिली, कुणाशी झाली, काहीच नाही.

बाबांनीच एक वाट दाखवली. त्यांच्या लहानपणी दर रमजान ईदेला कंधारहून डब्यात शिरखुर्मा यायचा. इमामसाब नावाच्या माणसाच्या घरून. आणि पोळ्याला सरस्वतीबाई त्यांच्याकडं पुरणपोळ्या धाडायच्या. त्या गेल्यावर हे येणंजाणं थांबलं. का होतं, कुणी विचारलं नव्हतं.

मी सुट्टी काढून अहमदपूरमार्गे कंधारला गेले. इमामसाबचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्यांचा नातू हनीफ बसस्टँडच्या मागं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मी बोरदऱ्याचं नाव घेतल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "अम्मीला भेटा," तो म्हणाला. "ती लई खूश होईल. पण जरा मोठ्यानं बोला."

दुकानामागंच घर होतं. खिडकीजवळच्या पलंगावर बानोआजी बसल्या होत्या, इमामसाबची मुलगी. नव्वदीला आलेल्या. दृष्टी गेल्यातच जमा. मी ग्यानोबाची पणती, असं सांगितल्यावर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"सरस्वतीमावशीची हनुवटी हाय," त्या म्हणाल्या. "बस बेटी. ग्यानोबाची पनती म्हने! किती साल झाले, तुमच्यातलं कोनी आलं नाई."

मी त्यांना शर्यतीचं विचारलं.

"शर्यत? कोनची शर्यत?"

"माळेगावची. बैलगाड्यांची. त्यावरून आमचं आडनाव पडलं ना, जितगाडे."

बानोआजी हसल्या. हसता हसता थांबल्या. मग हनीफला म्हणाल्या, "दार लावू नको रे. उघडंच राहू दे. या घरच्या लोकांना चालत नाई." आणि सांगायला लागल्या. काही त्यांनी लहानपणी डोळ्यानं पाहिलेलं, बाकीचं बापाच्या तोंडून मरेपर्यंत ऐकलेलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. सटवाजी आणि ग्यानोबा, दोघा भावांची जमीन एकत्र होती आणि सगळी कोरडवाहू. त्यांनी विहीर खणायला घेतली. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग खडक. खडक लागल्यावर सुरुंग लावायला कंधारहून इमामसाबला बोलावलं. इमामसाबनं खडक फोडायचा आणि ग्यानोबानं खाली उतरून दगड टोपल्यात भरून वर धाडायचे, असं काम चाललं होतं. उन्हाळा सरत आला. वळवाचा मोठा पाऊस झाला आणि वरची काळी माती भिजून फुगली. विहीर अजून बांधून काढलेली नव्हती.

ग्यानोबा म्हणाला, "दादा, कड सुटायलीय. थोडी वाळू दे."

सटवाजी म्हणाला, "मिरग तोंडावर आलाय. आता थांबलं तर वरीस गेलं. तुला भ्या वाटत आसंल तर वर बस, मी उतरतो."

धाकट्या भावाला चारचौघांत असं म्हटल्यावर त्यानं काय करावं? तो उतरला. आणि कड आली. एका बाजूची माती, मुरूम, दगड, सगळं एकदम.

गाव गोळा झालं. माणसं मातीला भिडली. पण जेवढं काढावं तेवढं वरून परत यायचं. एका माणसाचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी जाणत्या लोकांनी ठरवलं, की खालचा माणूस संपला. त्याच्यापायी आणखी माणसं घालवण्यात अर्थ नाही. विहीर बुजवून टाकावी, तीच त्याची समाधी. पहिलं टोपलं भावानं टाकायचं.

बायका लांब लिंबाखाली रडत बसल्या होत्या. बानो आईच्या मांडीवर होती. सटवाजी मातीचं टोपलं घेऊन काठावर गेला. त्याच्या बाजूला इमामसाब उभा होता. सगळे गप्प झाले. त्या शांततेत खालून आवाज आला. लोखंड दगडावर आपटल्याचा. टक. मग जरा थांबून परत टक.

"अब्बानं ऐकलं," बानोआजी म्हणाल्या. "अब्बानं सटवाजीच्या तोंडाकडं पाह्यलं. त्याचे हात थांबले होते. त्यानंबी ऐकलं होतं, बेटी. आन् मग त्यानं टोपलं उलटं केलं."

मी म्हणाले, "त्यांना वाटलं असेल माती बसतेय, पाणी झिरपतंय…"

"तसंबी असंल. अब्बा म्हनायचे, नाई. हात थांबला म्हनजे कळलं होतं."

इतक्या लांबून सरस्वतीबाईला आवाज ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिनं फक्त भासऱ्याचे, म्हणजे थोरल्या दिराचे, हात थांबलेले पाहिले. ती त्या घरात आल्यापासून सटवाजीसमोर तिच्या डोक्यावरचा पदर ढळला नव्हता, त्याच्याशी ती कधी एक शब्द बोलली नव्हती. ती उठली, पळत आली आणि ढासळलेल्या उतारावरून घसरत खाली विहिरीत गेली. ढिगाऱ्यावर बसली. पदर कुठल्या कुठं गेला होता. तिथून वर बघून ती ओरडली, "टाका आता! टाका माझ्यावर!"

कुणी हललं नाही. मग तिनं ढिगाऱ्याला कान लावला. आणि म्हणाली, "वाजायलंय."

त्यानंतर इमामसाब उतरला. बाभळीचे ओंडके आणि मोडलेल्या बाजेचे पाय लावून त्यानं कड धरली आणि एका अंगानं हातानं उकरायला सुरुवात केली. सरस्वतीबाई वर यायला तयार होईना. ती तिथंच बसून माती मागं सारत राहिली. वरचं गाव तिच्यामुळं बुजवायचं थांबलं होतं, हे तिला कळत होतं. हत्यारं ठेवायला खडकात एक कपार कोरलेली होती. कड येताना ग्यानोबा तिच्यात घुसला होता. तोंडाशी मोठे दगड अडकून बसले म्हणून माती आत आली नाही. खडकाला झिरपणारं पाणी चाटून तो जगला. हाताशी पहार होती, ती वाजवत राहिला.

त्याला वर काढलं, तेव्हा उजेडाचा त्रास नको म्हणून सरस्वतीबाईनं त्याच्या डोळ्यांवर पदर बांधला होता. काठावर सगळं गाव उभं होतं, सटवाजीही होता. ग्यानोबानं पहिला प्रश्न विचारला, "वरनं माती कोन टाकत होतं?"



"मग ग्यानोबा तिथून निघून गेले नाहीत का?" मी विचारलं. "राहिले कसे त्या अंगणात?"

"गेला ना. अब्बाच घेऊन गेले." घरी आणलं त्याच दिवशी ग्यानोबा घराच्या उंबऱ्यातून मागं फिरला होता. चार भिंतींत शिरायचं म्हटलं की त्याचा श्वास अडकायचा. बाज अंगणात टाकली. समोर भावाचं दार. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसायचं. काही महिन्यांनी त्यानं इमामसाबला निरोप धाडला, मला इथून कुठंतरी ने. इमामसाबच्या ओळखीनं हैदराबादेकडं दगड फोडायचं काम मिळत होतं. उघड्यावरचं काम, उघड्यावर राहणं. सरस्वतीबाईनं मागून पोराला घेऊन यायचं ठरलं. ग्यानोबा आणि इमामसाब नांदेडला गेले, स्टेशनवर आले. गाडी लागली. ग्यानोबा डब्यात चढला. माणसं मागून आत लोटली गेली, कुणीतरी दार ओढून घेतलं, आणि तो आतून दारावर मुठी मारायला लागला. गाडी सुटायच्या आत त्याला खाली उतरवावं लागलं. दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न केला, तेव्हा तर तो फलाटावरच खाली बसला.

मग तो नांदेडहून चालत बोरदऱ्याला आला. आपल्या बाजेवर येऊन बसला. परत जायचं नाव काढलं नाही.

विहीर पुढच्या उन्हाळ्यात पुरी केली. पाणी गोड लागलं. तेच पाणी दोन्ही घरं प्यायली, ग्यानोबाही प्यायला. गावातले लोक या अंगणाला 'जितं गाडल्याचं घर' म्हणायचे. पुढं दोन्ही भावांची पोरं शाळेत घातली, तेव्हा मास्तरनं आडनाव विचारलं. पोरांना गाव जे म्हणायचं तेच माहीत होतं. मास्तरनं ते जरा नीट करून दोघांच्याही नावापुढं एकच लिहिलं.

बानोआजी थकल्या होत्या. हनीफनं पाणी दिलं. मी निघायला उठले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. "अब्बाचं एक सांगायचं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "अब्बा दर ईदेला रडायचे. म्हनायचे, सटवाजीनं ऐकलं आन् मीबी ऐकलं. मी परगावचा, गरीब. सुरुंगाचा आळ माझ्यावर येईल म्हनून गप ऱ्हायलो. ती बाई खाली उतरली नसती तर मीबी गपच ऱ्हायलो असतो. तो शिरखुर्मा त्या गप ऱ्हायल्यापायी जायचा, बेटी. दोस्तीसाठी नाई."

मी तिथून थेट बोरदऱ्याला गेले. बाबा अंगणात पट्टा बांधून पडले होते. मी त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगितलं, कारण समोर नागोरावकाकांचं दार उघडं होतं. माझं संपल्यावर बाबांनी समोरच्या दाराकडं पाहिलं.

"मग सटवाजी आज्ज्याचं मरन मला आता कळलं," ते म्हणाले.

बाबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. सटवाजीला धाप लागली होती, दिवस भरले होते. आतल्या खोलीत माणसांची गर्दी होती आणि तो एकसारखा म्हणत होता, "ग्यानबाला बोलवा. ग्यानबा, आत ये." एकेक जण बाहेर येऊन ग्यानोबाला सांगत होता. शेवटी म्हातारा बाजेवरून उठला. अंगण ओलांडून सटवाजीच्या दारात आला. दोन्ही हातांनी चौकट धरली आणि एक पाय उंबऱ्यावर ठेवला.

"मी त्येच्या पायाशीच हुतो," बाबा म्हणाले. "पाय लटलटा कापत व्हते. घामानं आंगरखा भिजला. आतून सटवाजी आजा म्हनाला, 'ये रे. तुला येक सांगायचंय.' लई येळ तसाच हुबा ऱ्हायला. मग पाय मागं घेतला, वळला आन् दाराकडं पाठ करून पायरीवर बसला. म्हनाला, 'हितूनच ऐकतो दादा. बोल.'"

"मग?"

"मग काय. येवढ्या मानसांत त्यो काय बोलनार? कानात सांगायचं आसंल. संध्याकाळपत्तर गेला. म्हातारा तिथंच पायरीवर बसून व्हता, मयत बाहेर काढंस्तवर. लोक म्हनले, भावावर राग काढला. आई म्हनायची, राग न्हाई, त्याला आत जाताच आलं न्हाई. खरं काय ते मला आजून कळलं न्हाई."

ग्यानोबा त्यानंतर दोनेक वर्षं जगले. सरस्वतीबाई पुष्कळ जगल्या. बाबांना त्यांच्या तोंडून विहिरीचा एक शब्दही कधी ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागोरावकाकांकडं गेले. ते मंडपवाल्याशी बोलून नुकतेच बसले होते. मी कंधारला कुणाला भेटले ते सांगितलं.

"बानोम्हातारी जित्ती हाय आजून?" ते म्हणाले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मला ते कळलं, हे त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी काकूला आत जायला सांगितलं.

"माझ्या बापानं सांगितलं मला," ते म्हणाले. "शाळंत पोरं मला 'भाऊगाड्या' म्हनून चिडवायची. मी रडत घरी आलो. बापानं जवळ बसवून खरं सांगितलं, आन् मग म्हनाला, कुनी इचारलं तर सांग, आमच्या ग्यानबा आज्ज्यानं शर्यत जिकली. बापानंच काढली ती शर्यत. मी नुस्ती वाढवली. कमान बांधली."

"काका, पण ग्यानोबांच्या नावावर?"

"मग कुनाच्या? सटवाजीच्या नावावर जिकवली आस्ती तर कोन मानलं आस्तं?" त्यांनी समोर आमच्या घराकडं बोट केलं. "तुमचं आडनाव जितगाडे, कारन तुमचा मानूस गाडला गेला. आमचंबी जितगाडेच. तुला लग्न करून दुसरं घेता आलं, जया. मी कुठं जाऊ?"

मी म्हणाले, "सटवाजींचं नाव नको घालू या. कड कोसळली, सरस्वतीबाईनं आणि इमामसाबनं त्यांना बाहेर काढलं, एवढंच लिहिते."

"बाहेर काढलं म्हनलं की लोक इचारनारच, आत ठिवत कोन व्हतं. गावात आजून दोन-चार घरं हायत ज्यांना ठाव हाय. लखनचं लग्न आत्ता झालंय. तेवढं नको."

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट ते मला विनवत होते. तेवढ्यात समोरून बाबांनी हाक मारली, "जया, इकडं ये."

मी अंगण ओलांडून गेले. बाबा म्हणाले, "तुला लातूरला जायचंय. मला हितंच ऱ्हायचंय. माझ्या रानाची वाट त्याच्या बांधावरून जाते. विहीर दोघांत येक हाय. माझी कंबर धरली तवा त्याच्या पोरानं मला उचलून गाडीत घातलं. तू लिहून जाशील, मी रोज त्याच्या दारासमोर उठनार."

"आणि ग्यानोबा? ते तसेच राहिले ना बाबा, इथं?"

"म्हनून तर सांगायलो," बाबा म्हणाले.

मी इतिहास लिहिला नाही. शर्यतही लिहिणार नाही, एवढं काकांना सांगितलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. स्मरणिका छापून आली, तेव्हा त्या दोन पानांवर खताच्या दुकानाची जाहिरात होती.

मेळाव्याला मी गेले. न जाऊन कसं चाललं असतं? मंडप दोन्ही घरांच्या मधल्या अंगणातच होता. सत्कार झाले, दहावी-बारावीच्या पोरांना पेनं दिली, ज्येष्ठ म्हणून बाबांच्या गळ्यात उपरणं घातलं. मग पंगती बसल्या. माझ्या शेजारी लखनची नवी बायको करिश्मा बसली. अर्धापूरची मुलगी, मोकळी, बोलकी. तिनं इकडंतिकडं बघत विचारलं, "काहो, आपलं आडनाव कसं पडलं? माझ्या माहेरचे सगळे इचारतात."

समोरच्या पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं लगेच सांगायला घेतलं. माळेगावची जत्रा, धुरळा, मागं पडलेले गाडे. दुसऱ्यानं त्यात भर घातली. या वेळी बैलांना नावंही होती, सोन्या आणि मोत्या. आजूबाजूची माणसं हात थांबवून ऐकत होती. करिश्मा हसत हसत माझ्याकडं वळली.

"खरंच का ओ ताई? तुम्ही तर सगळा इतिहास शोधलाय म्हनं."

नागोरावकाका बुंदीची बादली घेऊन आमच्याच पंगतीत वाढत होते. ते दोन पानं अलीकडं थांबले. झारा बादलीतच होता. त्यांच्या पलीकडं बाबा बसले होते, त्यांचा घास हातात राहिला होता.

"असं म्हणतात," मी म्हणाले.

करिश्माचं समाधान झालं. तिनं वरण मागितलं. बाबांनी घास तोंडात घातला. काका पुढं आले आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी माझ्या पानावर झाराभर बुंदी वाढली. माझ्याकडं न बघता ते पुढं गेले.

मी ती खाल्ली.